जाळी गेली कुठे?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मुलांना प्राणिसंग्रहालय दाखवायला नेलं होतं. बिबट्याच्या पिंजऱ्यापुढे मी मोबाइलवर फोटो काढला, तर त्यात जाळी अगदी ठसठशीत आणि बिबट्या म्हणजे मागे नुसता पिवळट डाग. शेजारी एक गृहस्थ हातभर लांब लेन्स लावून उभे होते. त्यांनी तिथल्या तिथे कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपला फोटो दाखवला. बिबट्याच्या मिशा मोजून घ्याव्यात इतका स्वच्छ, आणि जाळीचा मागमूस नाही! जागा तीच, वेळ तीच. माझा मुलगा म्हणतो, ती लेन्स जाळीच्या पलीकडे जाऊन बघते. ह्यांचं म्हणणं, जाळी काँप्युटरवर पुसतात. खरं काय? आणि अशी लेन्स घेतली तर मलाही असे फोटो येतील का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गृहस्थांनी फोटो जागच्या जागी दाखवला, तिथेच संगणकाचा संशय मिटला. पुसायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. तुमचा मुलगा मात्र उत्तराच्या बराच जवळ पोहोचला आहे. लेन्स जाळीच्या पलीकडे जात नाही हे खरे, पण ती तारेच्या दोन्ही बाजूंनी बघते. कशी, ते समजायला कॅमेरा लागत नाही. खराट्याची एक काडी पुरते.

संध्याकाळी, घरात दिवे लावण्यापूर्वी, खिडकीशी उभे राहा. एक डोळा मिटा. उघड्या डोळ्यापुढे दोन-तीन बोटांच्या अंतरावर ती काडी उभी धरा आणि नजर लांबच्या एखाद्या इमारतीवर लावा. काडी विरघळल्यासारखी होते आणि तिच्या आरपार इमारत दिसते. आता काडीच्या जागी बोट धरा. बोटाच्या कडा धूसर होतील, पण मधला भाग काही केल्या आरपार होणार नाही. फरक जाडीचा आहे. संधिप्रकाशात डोळ्याची बाहुली चार-पाच मिलिमीटर रुंद होते, काडी त्याहून बारीक असते आणि बोट जाड. इमारतीकडून येणारा प्रकाश काडीच्या डाव्या-उजव्या बाजूने बाहुलीत शिरतो. बोट मात्र सगळी बाहुलीच झाकून टाकते. मुलाला हा प्रयोग करायला लावा. पुढचे तो तुम्हाला समजावून सांगेल.

आता बाहुलीच्या जागी लेन्स ठेवा. बिबट्याच्या डोळ्यातली एक चमक घ्या. त्या एका ठिपक्यातून निघालेला प्रकाश पसरत पसरत लेन्सच्या पूर्ण तोंडावर येतो. खाऱ्या दाण्यांच्या पुडीसारखा त्याचा आकार होतो : टोक बिबट्याच्या डोळ्याशी आणि उघडे तोंड लेन्सवर. फोकस बिबट्यावर असला, की लेन्स त्या पुडीतला सगळा प्रकाश गोळा करून पुन्हा एकाच ठिपक्यात आणते. जाळी या पुडीला मध्येच कुठेतरी कापते. कापते त्या ठिकाणी पुडी किती रुंद आहे आणि तार किती जाड आहे, यावर सगळा निकाल अवलंबून असतो.

आकडे घालून पाहू. त्या गृहस्थांची लेन्स बहुधा १५० ते ६०० मिलिमीटरची झूम असावी. हौशी मंडळींत ती फार चालते. ६०० वर नेली की तिचे प्रकाश घेणारे छिद्र सुमारे ९५ मिलिमीटर व्यासाचे असते. बिबट्या १२ मीटरवर आणि जाळी दीड मीटरवर धरली, तर जाळीपाशी पुडीची रुंदी भरते ८३ मिलिमीटर. तार समजा ३ मिलिमीटरची आणि जाळीचे चौकोन ५० मिलिमीटरचे. म्हणजे त्या पुडीत एक-दोन तारा आडव्या, एक-दोन उभ्या येतात आणि बाकी सगळी मोकळी वाट. दहा-अकरा टक्के प्रकाश अडतो, उरलेला पोहोचतो. बिबट्याच्या अंगावरच्या प्रत्येक ठिपक्याच्या बाबतीत जवळजवळ एवढाच प्रकाश अडतो. म्हणून तारेची रेघ उमटत नाही, सगळा फोटो फक्त किंचित काळसर होतो, आणि तो काळसरपणा कॅमेरा आपणहून भरून काढतो.

तुमच्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे छिद्र साडेतीन-चार मिलिमीटरच्या आसपास असते. त्याच जाळीपाशी त्याची पुडी जेमतेम तीन मिलिमीटर रुंद, म्हणजे तारेएवढीच. तार मध्ये आली की त्या ठिपक्याचा सगळा प्रकाश बंद. काडीऐवजी बोट धरल्यासारखे झाले. त्यातच मोबाइल आपणहून फोकस करतो तो जवळच्या, ठळक रेघांवर. आणि पडद्यावर दोन बोटे फाकवून आपण जे ‘झूम’ करतो, ते बहुतेक वेळा छोटा तुकडा ताणून मोठा करणे असते. त्यात नवा तपशील येणार कुठून? तुमचा पिवळट डाग असा तयार झाला.

इथे हमखास एक शंका निघते. मोबाइलच्या जाहिरातीत ‘एफ १.८’ लिहिलेले असते आणि त्या मोठ्या लेन्सवर ‘एफ ६.३’. आकडा लहान तेवढे छिद्र मोठे, असे आपण शिकलेलो. मग मोबाइलच सरस नको का? नको, कारण हा आकडा छिद्राचे माप सांगत नाही, तो भागाकार आहे. लेन्सच्या फोकल लांबीला या आकड्याने भागायचे, म्हणजे छिद्राचा व्यास मिळतो. मोबाइलची खरी फोकल लांबी सहा-सात मिलिमीटर असते, तिला १.८ ने भागा. दुसरीकडे ६०० ला ६.३ ने भागा. ‘लांब लेन्स जाळी घालवते’ असे जे सर्रास म्हटले जाते, त्यात दुरुस्ती करायची ती एवढीच : जाळी घालवते ती लेन्सची लांबी नव्हे, तोंडाची रुंदी. लांब लेन्सचे तोंड रुंद असते म्हणून श्रेय लांबीला मिळते.

याचा पुरावा त्याच गृहस्थांकडून मिळाला असता. त्यांना तीच लेन्स ‘एफ १६’ वर नेऊन फोटो काढायला सांगायचे. छिद्र लगेच साडेसदतीस मिलिमीटरवर येते आणि तारांच्या पट्ट्या पार्श्वभूमीत सावलीसारख्या डोकावू लागतात. ‘सगळे स्पष्ट यावे म्हणून आकडा मोठा ठेवा’ हा निसर्गदृश्यांसाठी दिला जाणारा सल्ला पिंजऱ्यापुढे नेमका उलटा पडतो.

दुसरी गोम बिबट्याकडे आहे. तो जाळीला अंग घासत येरझाऱ्या घालू लागला, की लोक हरखतात आणि कॅमेरे सरसावतात. फोटोसाठी ही सर्वांत वाईट वेळ. जाळी तीन मीटरवर आणि बिबट्या तिच्या मागे फक्त वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटरवर, असे धरा. पुडी जाळीपाशी जवळजवळ टोकालाच आलेली असते, जेमतेम सहा मिलिमीटर. तिथे तीन मिलिमीटरची तार अर्धा प्रकाश खाते. ९५ मिलिमीटरचे तोंडही मग कामाला येत नाही. म्हणून नियम असा की आपण जाळीच्या शक्य तितके जवळ आणि प्राणी जाळीपासून शक्य तितका लांब. पहिले आपल्या हातात काही अंशी असते. दुसऱ्यासाठी थांबावे लागते, आणि मुले बरोबर असताना थांबणे किती जमते हे तुम्हाला ठाऊकच आहे.

‘जवळ’ म्हणजे कठड्यापर्यंत. हिंस्र प्राण्यांच्या जाळीपुढे काही अंतरावर दुसरा कठडा असतो, तो शोभेसाठी नसतो. त्यावरून वाकून, हात लांब करून मोबाइल जाळीला टेकवण्याचे उद्योग पाहण्यात येतात. पंजाची झेप मोबाइलच्या झूमपेक्षा कितीतरी भरवशाची असते, एवढेच सांगतो. आणि प्राण्याने इकडे बघावे म्हणून शीळ घालणे, टाळ्या पिटणे, जाळी वाजवणे हा नुसता असभ्यपणा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे कलमानुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणे, खाऊ घालणे, आवाज करून त्रास देणे हा गुन्हा आहे.

जाळी नाहीशी होऊनही काही फोटो धुक्यात काढल्यासारखे पांढुरके येतात. लोक लेन्सला दोष देतात. खरे कारण तारेवरचे ऊन. तार बिबट्याचा थोडा प्रकाश अडवते तशी स्वतःचा प्रकाश लेन्सकडे पाठवतेही. चकचकीत, जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेवर ऊन पडले असेल, तर विरघळलेल्या तारेची ती चमक सगळ्या फोटोवर पातळ दुधासारखी पसरते. जाळीला काळा रंग दिलेला असेल तर हा त्रास फारच कमी. म्हणून जाळीचा सावलीतला भाग शोधावा. झाडाची सावली चालते, खांबाची चालते, उंच माणसाला शेजारी उभे करून त्याची सावलीही चालते.

लेन्स भारी असली तरी तिचा स्वयंचलित फोकस मोबाइलसारखाच भोळा असू शकतो आणि तारेला चिकटून बसतो. अनुभवी माणसे एकच छोटा फोकस बिंदू निवडून तो जाळीच्या चौकोनातून प्राण्याच्या डोळ्यावर धरतात. कित्येक मोठ्या लेन्सवर ‘जवळचे बघू नकोस’ असे सांगणारी एक कळ असते, ती लावतात. तरीही जमले नाही तर फोकसचे कडे हाताने फिरवतात. लेन्स घेतल्यापासून ती कळ एकदाही न वापरलेले लोक पुष्कळ आहेत.

आता पुसण्याविषयी. संगणकावर आणि हल्ली मोबाइलमध्येही जाळी पुसता येते, तेव्हा घरातल्या दुसऱ्या तर्काला अगदीच आधार नाही असे नाही. पण तारेमागे लपलेला भाग कॅमेऱ्याने पाहिलेलाच नसतो; सॉफ्टवेअर तो आजूबाजूचे बघून कल्पनेने भरते. बिबट्याच्या बाबतीत ही कल्पना अंगाशी येते. त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक बिबट्याची वेगळी असते, आणि जंगलातले बिबटे अभ्यासक त्यावरूनच ओळखतात. पुसलेल्या जाळीच्या जागी आलेले ठिपके त्या बिबट्याचे नसतात, कोणत्याच बिबट्याचे नसतात. भिंतीवर लावायला फोटो छान दिसेल, पण तो आता पुरता त्याचा राहिलेला नाही.

सगळीकडे जाळीच असते असेही नाही. कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगेन इथे गजांऐवजी खंदक ठेवलेले प्राणिसंग्रहालय उघडले, आणि ही पद्धत पुढे जगभर गेली. पुण्याच्या पेशवे पार्कातले पिंजरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तिथून प्राणी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेल्यावर काय बदलले ते सांगायला नको. जागा ऐसपैस झाली, प्राणी लांब गेला. हे प्राण्यासाठी चांगलेच झाले. लांब लेन्सची खरी गरज इथे लागते.

खंदकापाशी अडचण जाळीची नसून उंचीची असते. आपण वर, वाघ खाली. तो आपल्या पायाखाली आला की कठड्याशी झुंबड उडते, आणि फोटोत येते ती वाघाची पाठ. तुमचा डोळा वाघाच्या डोळ्यापेक्षा तीन मीटर उंच असेल आणि वाघ सहा मीटरवर असेल, तर नजर २७ अंशांनी खाली झुकते. तोच वाघ वीस मीटरवर गेला की हा कोन साडेआठ अंशांवर येतो, आणि आपण त्याच्या समोर उभे आहोत असे वाटू लागते. वाघ लांब जाऊन बसला म्हणून हिरमुसायचे कारण नाही. लांब लेन्स असली तर तेच हवे असते.

शिवाय एवढी लांब लेन्स फार थोडे बघते. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटरची लेन्स बारा मीटरवर पाऊण मीटर रुंदीचीही चौकट देत नाही. त्यात बिबट्याचे तोंड आणि खांदे मावतात, बाकीचा बिबट्या बाहेर राहतो. याचा फायदा असा की पार्श्वभूमीचाही एवढासा तुकडाच दिसतो. मागे निळा प्लास्टिकचा पिंप येत असेल, तर दोन पावले बाजूला सरकले की पिंपाच्या जागी झुडूप येते. जंगलातले वाटणारे अनेक फोटो या दोन पावलांवर उभे असतात. तोटा असा की हाताचा लहानसा कंपही मोठा होऊन दिसतो. दोन किलोंच्या आसपास वजनाची ती लेन्स सेकंदाच्या सहाशेव्या भागापेक्षा मंद शटरवर धरणे जिकिरीचे असते. कंप आवरणारी यंत्रणा लेन्समध्ये असते, पण ती तुमचा हात आवरते, बिबट्याची मान नव्हे. आणि भर दुपारी सिमेंटचा कट्टा तापून हवा लहरू लागली, तर लाखाची लेन्सही पाण्यातून बघितल्यासारखा फोटो देते.

तुमच्या मोबाइलची बाजू घ्यायची तर भायखळ्याला जायला हवे. राणीच्या बागेत २०१७ पासून हंबोल्ट पेंग्विन बघायला मिळतात. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी मुंबईत गारव्यातच ठेवावे लागतात, म्हणून आपण आणि ते यांच्यामध्ये पारदर्शक भिंत. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग समोरून येणारा सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो, आणि एका काचेला पृष्ठभाग दोन. आठ टक्के म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण पेंग्विनची पाठ काळी, त्याच्या मागचे पाणी गडद आणि आपला सदरा पांढरा असला, की पेंग्विनच्या पाठीवर आपणच उभे दिसतो. फ्लॅश मारला तर तो काचेवरून थेट परत येऊन फोटोत लख्ख गोळा उमटतो, शिवाय पक्ष्यांना त्रास.

उपाय एकच : कॅमेऱ्याचे तोंड काचेला टेकवायचे, म्हणजे मधून परावर्तन शिरायला फटच राहत नाही. मोबाइलचे चिमुकले भिंग असे सपाट टेकते. दोन किलोंची लेन्स टेकत नाही. टेकवली तरी ती अडीच-पावणेतीन मीटरपेक्षा जवळचे पाहू शकत नाही आणि पेंग्विन हातभर अंतरावरून सुळकन निघून जातो. जाळीपुढे जे तोकडे ठरले, तेच छोटे तोंड काचेपुढे जिंकते. छोट्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यांपाशीही हीच युक्ती. जिथे मध्ये कठडा नाही आणि जाळीजवळ जायला मनाई नाही, तिथे मोबाइलचे भिंग सरळ जाळीच्या चौकोनात धरावे; तार वाटेत येतच नाही.

काचेसाठी पोलरायझर फिल्टर घ्या, असेही कोणीतरी सांगेलच. तो काचेकडे तिरके, पन्नास-साठ अंशांच्या कोनात बघताना परावर्तन छान कापतो. समोरून बघताना काहीही करत नाही. तिरके बघावे तर जाड काचेतून चित्र मऊ पडते, आणि अंधाऱ्या दालनात फिल्टर निम्म्याहून जास्त प्रकाश गिळतो. तो पैसा वाचवावा.

प्राणिसंग्रहालयातला फोटो ‘खरा’ नव्हे, असे नाक मुरडणारे भेटतात. जंगलात काढला असे सांगितले तर तो खोटा, हे कबूल. २००९ च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळालेले पहिले बक्षीस पुढे काढून घेतले गेले, कारण तो लांडगा बहुधा माणसाळलेला आहे असे परीक्षकांचे मत झाले. छायाचित्रकाराने ते नाकारले होते. पण फोटोखाली प्राणिसंग्रहालयाचे नाव लिहिले की खोटेपणा उरतो कुठे? दक्षिण आफ्रिकेतला क्वागा हा फक्त पुढच्या अर्ध्या अंगावर पट्टे असलेला झेब्रा. तो जिवंत कसा दिसत होता हे दाखवणारे पाचच फोटो आज आहेत. ते १८६३ ते १८७० या काळात लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीचे आहेत. शेवटचा क्वागा १८८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. जंगलातल्या क्वागाचा एकही फोटो नाही.

राहिला खरेदीचा प्रश्न. वर्षातून एकदा मुलांबरोबर जाणार असाल तर घेऊ नका. पुण्या-मुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. एक दिवस आणून बघा, निदान खांद्याला झेपते का ते कळेल. कॅमेरा आधीपासून घरात असेल आणि हौस टिकणार असे वाटत असेल, तर ७० ते ३०० मिलिमीटरची हलकी झूमही पुरे. ३०० वर तिचे तोंड पन्नास मिलिमीटरच्या वर भरते आणि साध्या जाळीला तेवढे बास होते. कॅमेऱ्याचे वेगळे तिकीट लागते का, हे खिडकीवरच विचारा. आणि बुधवार टाळा : कात्रज आणि राणीची बाग, दोन्हींची ती साप्ताहिक सुट्टी.